स्थूलता आणि स्त्रियांचे मूत्राशय : न सांगितल्या जाणाऱ्या व्यथेविषयी

खोकला आला, शिंक आली, पाण्याचा हंडा उचलला किंवा मनमोकळे हसू आले की लघवीचे थेंब नकळत सुटतात, अशी व्यथा अनेक भगिनींना असते. काहींना लघवीची एकाएकी घाई होते व शौचालयापर्यंत पोहोचण्याआधीच कपडे ओले होतात. रुग्णालयात आल्यावर त्या कंबरदुखी सांगतात, गुडघेदुखी सांगतात. ही तक्रार मात्र विचारल्याखेरीज सहसा सांगत नाहीत. 'बाळंतपणे झाली, वय झाले, आता असे व्हायचेच' ही समजूत त्यामागे असते. हे दुखणे वयाचा अटळ भोग नव्हे. वाढलेले वजन हे त्याचे एक प्रमुख आणि आटोक्यात आणता येण्याजोगे कारण आहे, हे आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

मूत्राशय ही ओटीपोटातील स्नायूंची पिशवी होय. मूत्राशय, गर्भाशय व गुदाशय यांना खालून झोळीप्रमाणे आधार देणारे स्नायू असतात. बाळंतपणात ही झोळी ताणली जाते. पुढे पोटावर मेद साठला की पोटातील दाब वाढतो व झोळीवर रात्रंदिवस भार पडतो. खोकताना हा दाब क्षणात आणखी वाढतो, मूत्रमार्ग पुरता मिटून राहू शकत नाही आणि लघवी सुटते. स्थूलतेसोबत मधुमेह आला तर लघवीचे प्रमाण व जंतुसंसर्गाचा धोका, दोन्ही वाढतात.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात आजही ऊसतोडीस जाणाऱ्या, जड ओझी वाहणाऱ्या स्त्रिया आहेत. त्यांचे वजन कमी असले तरी ओझ्यामुळे हा त्रास होऊ शकतो. दुसरीकडे बागायती गावांत व शहरांत नळ, मिक्सर आणि दुचाकी आल्यामुळे अंगमेहनत घटली. चहा-साखर व तेलतूप मात्र घटले नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील अतिवजनाच्या व स्थूल स्त्रियांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये सुमारे २१ टक्के होते. ते २०१९-२१ मध्ये २४ टक्के झाले.

या आजाराचे एक दुष्टचक्र असते. कपडे ओले होतील या भीतीने स्त्री पाणी कमी पिते. त्यामुळे लघवी दाट होते, जळजळ व संसर्ग होऊ शकतो. ती एस.टी.चा प्रवास, हळदीकुंकू, देवदर्शन टाळू लागते. चालणे थांबते आणि वजन आणखी वाढते.

हे चक्र उलट फिरवता येते. अमेरिकेत झालेल्या व २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३३८ अतिवजनाच्या व स्थूल स्त्रियांचे दोन गट केले होते. आहार-व्यायामाचा सहा महिन्यांचा काटेकोर कार्यक्रम केलेल्या गटाचे वजन सरासरी ८ टक्के घटले व लघवी सुटण्याचे प्रसंग ४७ टक्क्यांनी कमी झाले. केवळ आरोग्यशिक्षण मिळालेल्या गटात ही घट २८ टक्के होती. ६५ किलो वजनाच्या भगिनीसाठी ८ टक्के म्हणजे सुमारे ५ किलो. एवढे उद्दिष्ट आवाक्याबाहेरचे नाही.

वजनासोबत पुढील उपाय करावेत :

१. लघवी रोखून धरताना जे स्नायू आवळतो, ते ५ ते १० सेकंद आवळून तेवढाच वेळ सैल सोडावेत. असे १० वेळा, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने करावे. श्वास रोखू नये. लघवी करताना हा व्यायाम करू नये.

२. पाणी तोडू नये. चहा कमी करावा.

३. वारंवार घाई होत असल्यास दोन वेळांमधील अंतर थोडे थोडे वाढवत न्यावे.

४. बद्धकोष्ठता व जुनाट खोकला यांवर उपचार घ्यावेत. रक्तातील साखर तपासून घ्यावी.

लघवीतून रक्त जाणे, थंडीताप व जळजळ, लघवी अडणे किंवा 'अंग बाहेर येणे' यांपैकी काही असल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता डॉक्टरांना दाखवावे. व्यायामाने गुण न आल्यास औषधे व शस्त्रक्रियेचे पर्यायही उपलब्ध आहेत.

खरी अडचण आहे ती संकोचाची. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला. पूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. स्त्री बोलत नाही म्हणजे ती निरोगी आहे, असे नव्हे. आपल्याच जिल्ह्यात जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली सुरू केलेल्या प्रकल्पाने गावातील साध्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडविले. जे डॉक्टरांपुढे ओठांवर येत नाही, ते ओळखीच्या बाईजवळ बोलता येते.

म्हणून आशाताई, बचतगटातील भगिनी, घरातील सुना व लेकी यांना आमची विनंती आहे : आपल्या आई-सासूबाईंना हा प्रश्न आपण होऊन विचारा आणि त्यांच्यासोबत तपासणीस या.