कैद्यालाही औषधपाणी

तुरुंगातल्या माणसालाही दुखणं येतं. मग त्याला औषधपाणी कोण करतं?

महात्मा गांधी पुण्याच्या येरवडा तुरुंगात होते. 1922 साली इंग्रज सरकारने त्यांना सहा वर्षांची सजा दिली होती. 1924 च्या जानेवारीत त्यांचं पोट फार दुखू लागलं. त्यांना ससून रुग्णालयात नेलं. 12 जानेवारीच्या रात्री कर्नल मॅडॉक या इंग्रज डॉक्टरांनी ऑपरेशन केलं. आधी गांधीजींची संमती घेतली. मधेच वीज गेली. डॉक्टरांनी कंदिलाच्या उजेडात काम पुरं केलं. रोगी सरकारचा कैदी, डॉक्टर सरकारचे नोकर. पण डॉक्टरांनी जीव वाचवला. 5 फेब्रुवारीला गांधीजींची सुटका झाली.

कोणी म्हणेल, "गांधीजी मोठे. गरिबाचं काय?" कायदा सर्वांना एकच. आसामात दवाखान्यातल्या कैद्यांना बेड्या घालून खाटेला बांधलं होतं. 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, हे चूक आहे. मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाशिवाय बेडी घालू नये.

समजा, हसनाबादचा कोणी हर्सूलच्या तुरुंगात आजारी पडला. घरच्यांनी काय करावं? तुरुंगाच्या अधिकाऱ्याला अर्ज द्यावा. काय दुखतं, केव्हापासून दुखतं, ते लिहावं. नक्कल जवळ ठेवावी. तरी इलाज झाला नाही, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. कैद्याला तिथे फुकट वकील मिळतो.

सजा गुन्ह्याची असते. दुखणं सोसण्याची नसते.

प्रश्न : 1. वीज गेल्यावर डॉक्टरांनी काय केलं? 2. अर्जात काय लिहावं?