रुंद फळ्यांसाठी चेनसॉ मिल निवडताना



आमच्या सुतारकाम गटाला चेनसॉ मिल घ्यायची आहे हे कळल्यापासून अनेक मंडळींतून एकच प्रश्न येतो आहे: "कोणते मशीन पाठवू?" आपल्या प्रेमाबद्दल मनापासून आभार. पण या वेळी पैसे पाठवण्याआधी थोडा अभ्यास करू या, कारण पहिल्यांदा भेट मिळालेले मशीन आमच्याकडे दुसऱ्याच ओंडक्यावर जाम झाले. देणाऱ्याचा दोष नव्हता. काय मागावे हे मलाच ठाऊक नव्हते आणि ते कबूल करायची लाज वाटली. शलमोनाने हिराम राजाला निरोप पाठवला तेव्हा सिदोन्यांसारखी लाकडे कापणारा आपल्याकडे कोणी नाही, हे त्याने आधीच सांगून टाकले (१ राजे ५). धर्मशास्त्राच्या पदविकेला हा अध्याय मी अभ्यासला होता, पण त्याचा उपयोग झाला नाही.

मुळात रुंद फळा कशाला हवा? डहाणू-तलासरीकडच्या पाड्यावर बांधावरचे जुने झाड ही घराची ठेव असते. आजारपण किंवा लग्न आले की ती मोडली जाते. मे २०२१ च्या तौक्ते वादळात या भागात बरीच झाडे पडली, तेव्हा व्यापारी आले आणि आंब्याचे खोड जळणाच्या भावाने, वजनावर मागू लागले. तेच खोड अडीच इंच जाडीच्या, झाडाच्या पूर्ण रुंदीच्या फळ्यांत कापले, तर त्यातून जेवणाचे टेबल किंवा बाक तयार होते आणि भावाचे बोलणे वेगळ्या ठिकाणाहून सुरू होते. आपल्याकडे कुऱ्हाड आदिवासीच्या हातात राहिली आणि करवत वखारवाल्याच्या. १९४५ साली इथल्या वारल्यांनी लढा उभारला, त्यात गवतकापणीबरोबर जंगलातल्या लाकूडतोडीच्या मजुरीचाही प्रश्न होता. ओंडका जागेवर कापता आला तर निदान एक पायरी तरी आपल्या हातात येते. शिवाय टनभर वजनाचे खोड ओढ्यापलीकडून रस्त्यापर्यंत आणण्यापेक्षा फळे चौघांनी खांद्यावर आणणे सोपे.

चेनसॉ मिल म्हणजे वेगळे यंत्र नव्हे. नेहमीच्या चेनसॉच्या पट्टीला, म्हणजे बारला, लोखंडी किंवा अॅल्युमिनियमची चौकट आवळून बसवतात. तिला 'अलास्कन मिल' म्हणतात. चौकट ओंडक्यावर सरकते आणि तिच्याखाली ठरवलेल्या जाडीवर साखळी आडवी कापत जाते. पहिला काप सर्वांत महत्त्वाचा. ओंडक्याची पाठ गोल असते, म्हणून तिच्यावर सरळ शिडी किंवा रंधलेली फळी ठोकून तिच्यावरून चौकट चालवायची. ही शिडी वाकडी असेल तर पुढचे सगळे फळे वाकडे. पहिला काप सपाट आला की पुढच्या कापांना तोच आधार होतो.

आता निवड. दुकानदार आधी बारची लांबी सांगतो. आपण आधी ओंडका मोजावा. दोरीने घेर घ्यायचा आणि सव्वातीनने नाही, पण तीनापेक्षा थोड्या जास्तीने भागायचे. आमच्या आंब्याचा घेर ७ फूट होता, म्हणजे व्यास सुमारे २७ इंच. ३६ इंची बार घेतला तरी चौकटीचे चिमटे आणि मशीनचे तोंड मिळून पाच-सहा इंच खातात, त्यामुळे हाती ३० इंच उरतात. या ओंडक्याला तेवढे पुरतात.

खरी गोम इंजिनात आहे. ओंडका आडवा तोडताना चेनसॉला जे काम पडते, त्याच्या कितीतरी पट काम रेषांच्या दिशेने लांब चिरताना पडते, आणि तेही पंधरा-वीस मिनिटे सलग, पूर्ण गतीवर. आम्हाला मिळालेले मशीन ५८ सीसीचे होते, बाजारात सर्रास मिळते तसे. फांद्या तोडायला उत्तम. आम्ही त्याला लांब बार लावून आंब्यात घातले. पहिला ओंडका रडतखडत निघाला, दुसऱ्यात पिस्टन चिकटला. माझ्या अनुभवाने ५८ सीसीच्या मशीनने १५-१६ इंचांपलीकडे जाऊ नये. दोन फुटांपर्यंत ७० सीसीच्या पुढचे इंजिन हवे आणि ३६ इंची बारला ९० सीसी किंवा जास्त. स्टिल एमएस ६६१ हे ९१ सीसीचे, हुस्कवर्ना ३९५ हे ९४ सीसीचे. या जातीची मशीन या कामाला लागतात. ती महाग आहेत हे खरे. पण तीन लहान मशीन म्हणजे एक मोठे मशीन नव्हे, हे मी देणगीदारांना हात जोडून सांगतो.

पैसे कमी असतील तर? मोठा ओंडका आधी उभा चिरून दोन भाग करावेत आणि मग अरुंद फळे काढावेत. टेबलासाठी दोन फळे जोडता येतात. पूर्ण रुंदीचा मोह थोडा आवरावा लागतो, एवढेच.

साखळीबद्दल दुकानात कोणी बोलत नाही, म्हणून मी जरा जास्त लिहितो. नेहमीच्या साखळीचे दात आडव्या तोडीसाठी साधारण ३० अंशांवर घासलेले असतात. लांब चिरण्यासाठी ते सुमारे १० अंशांवर असलेली 'रिपिंग चेन' घ्यावी. काप गुळगुळीत येतो आणि मशीन ओढले जात नाही. मिळाली नाही तर साधी साखळीच कानशीने हळूहळू त्या कोनात आणता येते. आमच्या मुलांनी तसेच केले. प्रत्येक एक-दोन कापांनंतर कानस मारायचीच. भुशाऐवजी पीठ पडू लागले की धार गेली असे समजावे. जोर लावून ढकलणारा मुलगा मेहनती नसतो, आळशी असतो. त्याला कानस मारायचा कंटाळा आलेला असतो.

ही साखळी प्रत्येक कापाला सुमारे तीन सूत लाकूड भुशात घालवते. अडीच इंची फळ्याला, म्हणजे वीस सुतांना, तीन सूत परवडतात. एक इंची फळ्या काढायला गेलात तर आठ सुतांमागे तीन सूत जातात, पाव भागाहून जास्त. त्यामुळे पातळ फळ्या हव्या असतील तर ओंडका परवानाधारक गिरणीतल्या बँड सॉवरच न्यावा. जाड आणि रुंद फळा, तोही गाडी पोचत नाही तिथे, एवढेच या मशीनचे काम.

बाकी काळजी थोडक्यात. पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल पुस्तिकेत लिहिले असेल त्याच प्रमाणात. ५० ला १ असेल तर लिटरला २० मिली. लांब बारच्या टोकाला वेगळे तेल सोडण्याची सोय करावी. काप संपल्यावर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर मंद चालू ठेवावे. मागे फट मिटू नये म्हणून पाचरी लाकडाच्या, लोखंडाच्या नव्हेत. बांधावरच्या झाडात कुंपणाची तार हमखास असते, आधी लोहचुंबक फिरवावा. आणि चपला घालून कोणी मशीनला हात लावायचा नाही. हेल्मेट, चष्मा, कानाचे झाकण, बूट आणि पायाचे संरक्षक कापड यांचे पैसे मशीनच्या किमतीतच धरा.

कायद्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत साग आणि खैर तर आहेतच, पण आंबा, फणस, चिंच, मोह, जांभूळही आहेत. आदिवासी भोगवटादाराने झाडे विकण्यासाठी १९६९ चा वेगळा कायदा आहे. व्यापाऱ्यांकडून होणारी लूट थांबावी म्हणूनच तो आला. गोदावर्मन खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर १९९६ च्या आदेशानंतर लाकूड गिरण्यांवर देशभर कडक नियंत्रण आले, आणि डहाणू तालुका तर जून १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर आहे. म्हणून मशीन घेण्याआधीच वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी अर्ज देऊन कापणी, मशीनचा वापर आणि वाहतूक, तिन्हींबद्दल लेखी उत्तर घ्यावे. तोंडी "चालतंय" यावर विसंबू नये. अडचण आली की सापडतो तो पाड्यावरचा मुलगा.

आंब्याला कीड फार लवकर लागते. कापल्यावर दोन-चार दिवसांतच बोरॅक्स-बोरिक अॅसिडचे द्रावण द्यावे, टोकांना रंग फासावा आणि मधे दीड-दीड फुटावर पट्ट्या ठेवून सावलीत, वारा लागेल असे रचावे. वाळायला इंचाला एक वर्ष असा जुना हिशोब आहे.

आमचे सात फळे सभागृहामागच्या पडवीत असे रचलेले आहेत. ज्या आजींचे ते झाड, त्या येताजाता वरच्या फळ्यावर हात फिरवून जातात. टेबलाची मागणी आत्ताच नोंदवलीत तरी चालेल, पण दोन पावसाळे थांबावे लागेल.