उपग्रहचित्रांवरून कांदळवनांची पाहणी व खारभूमीचे रक्षण

कोकणातील खाड्यांच्या काठी तिवर, कांदळ, चिप्पी इत्यादी वृक्षांची जी वने आढळतात, त्यांस कांदळवने म्हणतात. लाटांचा जोर मोडून ही वने खारभूमीच्या बांधांचे रक्षण करतात. परंतु बांधाला पडलेली खांड वेळीच बुजवली नाही, तर उधाणाचे पाणी भातखाचरांत शिरते व काही वर्षांत तेथेच तिवरे उभी राहतात. बांधाबाहेरील वनाची घट आणि बांधाआतील त्याचा शिरकाव, हे दोन्ही बदल ओळखण्यास उपग्रहचित्रे उपयोगी पडतात.

हिरवे पान डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण मोठ्या प्रमाणावर परावर्तित करते. पाणी ते शोषून घेते. त्यामुळे चित्रात वन व खाडी वेगळी उमटतात. लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह १९७२ साली सोडण्यात आला. म्हणून जुनी स्थितीही पडताळता येते. २०१५ साली सुरू झालेल्या सेंटिनेल-२ मालिकेच्या चित्रातील एक ठिपका १० मीटर लांब व तितकाच रुंद, म्हणजे सुमारे एक गुंठा असतो. त्याहून अरुंद रोपांची पट्टी त्यात स्पष्ट दिसत नाही.

चित्रांची तुलना करताना पुढील काळजी घ्यावी :

(१) पावसाळ्यात ढग आड येतात, शिवाय भातही हिरवे असते. म्हणून कापणीनंतरचे, डिसेंबर ते फेब्रुवारीतील चित्र घ्यावे. त्या वेळी खाचरे उघडी पडतात. तिवरे मात्र हिरवीच असतात.

(२) दोन्ही वर्षांची चित्रे एकाच महिन्यातील व ओहोटीच्या वेळची असावीत. भरतीत लहान रोपे बुडून वन घटल्याचा भास होतो.

(३) जागेवर जाऊन खात्री करावी. वाढलेले दहा गुंठे वन गाळाच्या काठावर उगवले असेल, तर तो किनाऱ्याचा लाभ होय; बुडालेल्या खाचरात उगवले असेल, तर एखाद्या कुटुंबाचे भात गेले असे समजावे.

मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निर्णयानुसार, जमीन कोणाच्याही मालकीची असो, कांदळवन तोडण्यास मनाई आहे. म्हणून तिवरे रुजण्यापूर्वीच खांड बुजवणे इष्ट. शेतकरी बंधूंनी दरवर्षी गावाचे चित्र गटनकाशाशी ताडून पाहावे आणि खाचरात नवा हिरवा ठिपका दिसताच बांध तपासून खारभूमी विभागास कळवावे.