दुधाची किटली व उष्णतेची वाट

गारगोटीपासून पाटगांवपर्यंत वेदगंगेच्या खोऱ्यांत ऊंस व भात यांच्या जोडीला म्हशीचें दूध हा पुष्कळ कुटुंबांचा आधार झाला आहे. कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ १९६३ सालीं स्थापन झाला, व पुढें सकाळ-संध्याकाळ संस्थेंत दूध घालण्याची वहिवाट गांवोगांव रुळली. परंतु ज्यांची वस्ती गांवठाणापासून दूर डोंगराच्या कुशींत आहे, त्यांस कधीं कधीं संध्याकाळचें दूध रात्रभर घरींच ठेवावें लागतें. सकाळीं तें आंबलेलें निघालें म्हणजे पेंड, चारा व घरच्या बायकामाणसांचे श्रम हे सर्व वायां जातात. अशा वेळीं "कोणत्या धातूची किटली घ्यावी, म्हणजे दूध लवकर निवेल?" हा प्रश्न हटकून निघतो. त्याचें उत्तर शास्त्राच्या आधारें पाहूं.

नुकतेंच काढलेलें दूध सुमारें ३७ अंश सेंटिग्रेड उष्ण असतें. एवढ्या उबेंत दूध आंबविणारे कांहीं जंतू वीस ते तीस मिनिटांत दुप्पट होतात. अर्ध्या तासाला दुप्पट असें धरलें, तर चार तासांत एकाचे २५६ होतात. म्हणून दूध पहिल्या तासाभरांत निवविणें हेंच खरें राखणें होय.

किटली गार पाण्यांत ठेविली म्हणजे दुधांतील उष्णता भिंतींतून बाहेरच्या पाण्यांत जाते. फ्रेंच गणिती फूरिये यानें १८२२ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत उष्णतावहनाचा नियम मांडला आहे. त्याचें सार असें: दोन बाजूंच्या उष्णतामानांत अंतर जितकें जास्त, भिंतीचें क्षेत्र जितकें मोठें व भिंत जितकी पातळ, तितकी उष्णता जलद वाहते. शिवाय प्रत्येक पदार्थाची वाहकता निराळी असते. स्तब्ध पाण्याची वाहकता १ धरल्यास तांब्याची सुमारें ६५०, शुद्ध ॲल्युमिनियमची ३९०, पितळेची १८०, लोखंडाची १३०, स्टेनलेस स्टीलची २५, कांचेची दीड, जाड प्लॅस्टिकची पाऊण व लांकडाची पाव इतकी भरते. स्तब्ध हवेची तर पाण्याच्या चोविसाव्या हिश्शाइतकीच.

हे आंकडे पाहून कोणासही वाटेल कीं, तांब्याच्या किटलींत दूध स्टीलपेक्षां पंचवीसपट लवकर निवेल. येथेंच चूक होते. उष्णतेच्या वाटेंत एकटी धातूची भिंतच नसते. भिंतीच्या आंतल्या अंगास दुधाचा व बाहेरच्या अंगास पाण्याचा एक पातळ थर जवळजवळ निश्चल चिकटून असतो. प्रत्येक थर एक मिलिमीटर धरूं, म्हणजे दोन्ही मिळून पाण्याच्या दोन मिलिमीटरांचा अडथळा झाला. आतां एक मिलिमीटर जाड स्टीलचा अडथळा म्हणजे पाण्याच्या मिलिमीटराचा पंचविसावा हिस्सा, आणि तांब्याचा साडेसहाशेवा. दोहोंच्या एकूण अडथळ्यांत फरक पडला तो शेंकडा दोनच. म्हणजे वेळ खातें तें स्तब्ध पाणी, धातू नव्हे. प्लॅस्टिकची गोष्ट मात्र निराळी. तीन मिलिमीटर जाडीची प्लॅस्टिकची भिंत पाण्याच्या चार मिलिमीटरांइतकी अडवणूक करते, व निवण्याचा वेळ सुमारें तिप्पट होतो.

हें कोणासही घरीं पाहतां येईल. तांबें, स्टील, कांच व प्लॅस्टिक यांचे शक्य तितके सारख्या आकाराचे पेले घ्यावे. प्रत्येकांत ६० अंशांचें पाणी सारख्या मापानें ओतावें, व ते सारख्याच गार पाण्याच्या निरनिराळ्या बादल्यांत ठेवावे. ४० अंशांपर्यंत उतरण्यास कोणास किती मिनिटें लागलीं तें लिहावें. नंतर हाच प्रयोग आंतलें-बाहेरचें पाणी ढवळीत करावा. तांबें व स्टील जवळजवळ बरोबरीनें येतील, प्लॅस्टिक मागें राहील, आणि ढवळण्यानें धातूच्या पेल्यांचा वेळ बराच कमी होईल. यासाठीं प्रयोगशाळेंतील उष्णतामापक वापरावा. ताप पाहण्याची कांचेची नळी ऊन पाण्यांत फुटेल.

तेव्हां केवळ निवविण्यासाठीं स्टील टाकून तांब्यापितळेची किटली घेण्यांत फायदा नाहीं. उलट तोटा आहे, कारण तांब्याच्या अल्प अंशानेंही दुधांतील स्निग्धांश लवकर खवट होतो. म्हणूनच पूर्वीं पितळेच्या भांड्यास कल्हई करीत. मातीचें मडकें झिरपतें व त्यामुळें आंतलें पाणी गार होतें, हें खरें. परंतु त्याच्या छिद्रांत जंतू दडतात व तें नीट धुतां येत नाहीं. म्हणून मडक्यांत दूध न ठेवितां रांजणांतील पाणी किटलीभोंवतीं वापरावें.

पाण्याचाही हिशेब पाहावा. दहा लिटर दूध ३६ अंशांचें व भोंवतीं तीस लिटर पाणी २४ अंशांचें असेल, तर दोन्ही सुमारें २७ अंशांवर येऊन थांबतील. मग किटली रात्रभर त्यांत राहिली तरी या पाण्यानें दूध आणखी निवणार नाहीं. तेंच पाणी पंधरा-पंधरा लिटर असें दोनदां घातलें, तर दूध सुमारें २६ अंशांपर्यंत उतरतें. पाणी तितकेंच, पण लाभ अधिक.

यावरून आचरण असें ठरतें. धार काढतांच दूध गाळून धातूच्या किटलींत घ्यावें. बाहेरच्या पाण्याची पातळी दुधाच्या पातळीहून थोडी वर, पण झांकणाच्या खालीं असावी. उकळत्या पाण्यानें धुतलेल्या डावानें दूध मधून मधून हलवावें, बाहेरचें पाणीही हलवावें व तें कोमट होतांच बदलावें. नंतर झांकण लावून किटलीस ओलें गोणपाट गुंडाळावें आणि वारा लागेल अशा जागीं ठेवावें. किटलीच्या आंत दुधाची साका बसूं देऊं नये. तीही उष्णतेस अडविते व जंतूंस आसरा देते.

गांवांत दूध थंड करण्याची मोठी टाकी असल्यास मात्र घरीं न रेंगाळतां दूध तेथें पोंचवावें. ती टाकी दूध ४ अंशांपर्यंत उतरविते, आणि तें घरच्या पाण्यानें कधींही साधणार नाहीं. ती टाकी स्टीलचीच असते व तिच्यांत दूध ढवळणारें पातें फिरत असतें. रिचर्ड सेलिगमन यानें १९२३ सालीं पुढें आणलेल्या पत्र्यांच्या यंत्रांतही हेंच तत्त्व आहे: पातळ पत्रा, एका बाजूस वाहतें ऊन दूध व दुसऱ्या बाजूस वाहतें गार पाणी. लाखों लिटर दूध निवविणाऱ्या कारखान्याचें शास्त्र व आपल्या परसांतील बादलीचें शास्त्र एकच आहे. नवी किटली विकत घेण्यापूर्वीं शेतकरी बंधूंनीं जुन्याच किटलीभोंवतींचें पाणी दोनदां बदलून पाहावें.