कर्ज घराच्या किमतीवर, हप्ता मात्र भाड्यावर

१ नोव्हेंबर २००० रोजी रायपूर छत्तीसगडची राजधानी झाले. २०१२ साली मंत्रालय नवा रायपूरला गेले. भाडेकरू कोणत्या वस्तीत घर शोधणार, हे अशा निर्णयांनी बदलते आणि ते घरमालकाच्या हाती नसतात. जुने घर कर्ज काढून नवे करताना ही अनिश्चितता गृहीत धरावी लागते.

तात्यापाऱ्यातील एका दुमजली घराची कल्पना करावी. घराची किंमत ५० लाख, प्रत्येक मजल्याचे भाडे ८,००० रुपये. जुन्या कर्जाची बाकी १२ लाख, मुदत १० वर्षे, व्याज ९ टक्के. हप्ता सुमारे १५,२०० रुपये. नूतनीकरणास ८ लाख हवेत. सर्व मिळून २० लाखांचे नवे कर्ज १५ वर्षांसाठी घेतल्यास हप्ता सुमारे २०,२८५ रुपये होतो आणि भाडे २२,००० रुपये मिळण्याची अपेक्षा असते. कर्ज किमतीच्या अवघे ४० टक्के, तारण भक्कम. मालकही निश्चिंत होतो.

परंतु वर्षाची शिल्लक २०,५८० रुपयेच आहे. एक मजला दोन महिने रिकामा राहिला, की २२,००० रुपये बुडतात. मालमत्ता कर वेगळाच. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५० टक्क्यांवर गेला होता. तेवढीच वाढ येथे झाली व मुदत तीच ठेवली, तर हप्ता सुमारे २३,३६५ रुपये होईल, म्हणजे दोन्ही मजल्यांच्या भाड्याहून अधिक. शिवाय मुदत लांबल्याने जुन्याच १२ लाखांवर सुमारे ३.६७ लाख रुपये जादा व्याज पडते, ते निराळे.

याच कर्जात मुलीचे लग्नही उरकावे, असा मोह अनेकांना होतो. त्या रकमेवरील व्याजाची वजावट भाड्याच्या उत्पन्नातून मिळत नाही. दुरुस्तीचा खर्चही प्राप्तिकरात स्वतंत्रपणे वजा होत नाही. त्यासाठी ३० टक्क्यांची ठोक वजावट असते.

तेव्हा प्रथम एकच मजला करावा. ४ लाखांची भर घालून १६ लाखांचे कर्ज १५ वर्षांसाठी घेतल्यास हप्ता सुमारे १६,२३० रुपये आणि भाडे १९,००० रुपये. व्याज अडीच टक्क्यांनी वाढले तरी हप्ता १८,७०० च्या आतच राहतो. काम चालू असताना दुसऱ्या मजल्याचे भाडे सुरू असते. उरलेला भार मात्र बचतीतूनच उचलावा लागतो. व्यक्तींच्या बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचे शुल्क २०१२ पासून लागत नाही, म्हणून शिल्लक वेळोवेळी कर्जात भरता येते. दुसऱ्या मजल्याला हात घालण्यापूर्वी सहा हप्त्यांइतकी रक्कम, म्हणजे सुमारे ९७,००० रुपये, मुदत ठेवीत जमलेली असावी.