पाऊस बाहेरचा, घाम आतला

मनू, पंचवीस हजारांचं जॅकेट घेऊ की अडीच हजारांचं, असं विचारून तू मोकळी झालीस. पण ते घालून तू जाणार कुठे, हे ठरल्याशिवाय किमतीचं बोलण्यात अर्थ नाही. जुलैत राजमाची चढणारीला भिजवणारा पाऊस निराळा आणि जुलैतच हम्ता पास ओलांडणारीला भिजवणारा निराळा. तुला दोन्ही करायचंय, म्हणजे उत्तरंही दोन.

सह्याद्रीचं आधी उरकते. महागड्या जॅकेटच्या लेबलवर ‘ब्रीदेबल’ लिहिलेलं असतं. म्हणजे पावसाचा थेंब आत येत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाते. हे खरं आहे, पण अट अशी की जॅकेटच्या आत ऊब आणि दमटपणा हवा आणि बाहेर गार, त्यामानाने कोरडी हवा. वाफ जास्तीकडून कमीकडे जाते, तिला दुसरं काही कळत नाही. आता कोंढाणे लेण्यांकडून राजमाची चढताना काय असतं आठव. बाहेर बावीस-चोवीस अंश, हवा आधीच पाण्याने भरलेली, वारा बंद, आणि तो चढ! वाफ जाणार कुठे? अर्ध्या तासात तू आतून चिंब होतेस आणि म्हणतेस जॅकेट गळतंय. गळत बिळत नाही गं, तुझाच घाम असतो तो. अशा हवेत अडीच हजारांचं आणि पंचवीस हजारांचं जॅकेट सारखंच हरतं.

आपल्या मावळातल्या नि कोकणातल्या शेतकऱ्यांचं इरलं बघितलंयस ना? बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पानं, डोक्यावरून थेट कमरेपर्यंत पाठ झाकलेली. लावणीला वाकलं की पाठ कोरडी आणि पोटाकडून सगळं मोकळं, वारा हवा तसा खेळतो. घामाचा प्रश्नच नाही. म्हणून सह्याद्रीसाठी माझं सांगणं सोपं आहे: हलकं, स्वस्त, पुढून पूर्ण उघडणारं जॅकेट घे. रानातल्या सपाट वाटेवर तर सरळ छत्री उघड. हसणारे हसू देत.

मात्र स्वस्त घे म्हणाले, घरी ठेव म्हणाले नाही. चढताना भिजलेलं अंग माथ्यावर पोचून थांबलं की वारा लागतो, आणि हुडहुडी तिथे भरते. हरिश्चंद्रगडासारख्या ठिकाणी पावसात वाट चुकून रात्र उघड्यावर काढावी लागलेली माणसं गारठून दगावली आहेत, तीही भर पावसाळ्यात, जिथे पारा शून्याच्या जवळपासही जात नाही. म्हणून चढताना जॅकेट सॅकमध्ये आणि थांबलीस की अंगावर. बहुतेक जणी नेमकं उलट करतात. आणि एक कोरडा टी-शर्ट जाड प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेव, तो कुठल्याही जॅकेटपेक्षा मोलाचा.

आता हम्ता. खिंड साधारण ४,२७० मीटरवर, मनाली दोन हजारांच्या आसपास. दर हजार मीटरला सहा-साडेसहा अंश उतरतात असं धर. मनालीत वीस अंश असतील तर वर जेमतेम सहा, आणि त्यात वारा. कुल्लूच्या बाजूने जोबरा, चिका, बालू का घेरा करत चढशील तेव्हा ढग अंगावर घेऊनच चढशील. खिंड ओलांडून लाहौलात उतरलीस की डोंगर उघडेबोडके, कोरडे. इथे मात्र बाहेर गार आणि आत ऊब, म्हणजे वाफेला जायला वाट आहे. पैसे टाकायचेच असतील तर ते इथल्यासाठी टाक.

ते पैसे जातात कशात, तेही ऐक. जॅकेटच्या कापडाला आतून एक पापुद्रा चिकटवलेला असतो, त्याला मेंब्रेन म्हणतात. यातलं सगळ्यात गाजलेलं नाव गोअर-टेक्स. १९६९ साली अमेरिकेत बॉब गोअर नावाचा माणूस पीटीएफईच्या (नॉनस्टिक तव्यावर असतं ना, तेच) तापवलेल्या कांड्या हळूहळू ताणून बघत होता आणि त्या तुटत होत्या. वैतागून त्याने एक कांडी जोरात हिसडली, तर ती तुटायच्या ऐवजी हातभर लांबली. त्या ताणात पदार्थाला अतिसूक्ष्म छिद्रं पडली: पाण्याच्या थेंबाला फारच लहान, वाफेच्या कणाला ऐसपैस. पेटंटची मुदत कधीच संपली, आज प्रत्येक कंपनीचा आपापल्या नावाचा मेंब्रेन आहे आणि त्यातले बरेच चांगले आहेत. तेव्हा नुसत्या गोअर-टेक्सच्या काळ्या चौकोनी लेबलासाठी जीव टाकू नकोस.

लेबलापेक्षा थर बघ. दोन थरांच्या जॅकेटला आत सुटं जाळीचं अस्तर असतं. अडीच थरांच्याला अस्तर नसतं, आत नुसता छापील लेप; घडी मुठीत मावते, पण घामाने तो दंडाला गार-गार चिकटतो. तीन थरांच्यात मेंब्रेन दोन कापडांच्या मधे सुरक्षित, तेच सगळ्यात टिकतं. हम्तासाठी तीन थरांचं घे.

लेबलवर आकडेही असतात. १०,००० मिलिमीटर म्हणजे कापडावर दहा मीटर उंच पाण्याचा स्तंभ उभा केला तरी ते झिरपू देत नाही. तुला १०,००० किमान हवेत. पाठीवर जड सॅक घेऊन दिवसभर चालणार असशील तर २०,०००. दुसरा आकडा ग्रॅममध्ये असतो, चोवीस तासांत किती वाफ बाहेर जाते त्याचा. त्याला फार मान देऊ नकोस. तो मोजायच्या पद्धती अनेक आहेत आणि जिच्यात आकडा मोठा दिसतो ती पद्धत निवडायला कंपनीला कोण अडवणार? त्यापेक्षा काखेखाली चेन आहे का बघ. पिट झिप म्हणतात तिला. ती उघडली की पाच मिनिटांत जेवढी वाफ बाहेर पडते तेवढी कुठलाच मेंब्रेन काढत नाही. काखेत चेन नसलेलं जॅकेट कितीही भारी असलं तरी मी घेणार नाही.

आता दुकानदार जे सांगत नाहीत ते. मेंब्रेन आत असतो, पाऊस पडतो बाहेरच्या कापडावर. त्या कापडाला पाणी झटकणारा लेप दिलेला असतो, म्हणून नव्या जॅकेटवर पाणी अळूच्या पानावर घरंगळावं तसं घरंगळतं. हा लेप झिजतो, आणि झिजतो सगळ्यात आधी खांद्यावर, सॅकचे पट्टे घासतात तिथे. मग कापड पाणी पितं, जड होतं, काळपट दिसायला लागतं. मेंब्रेन अजून शाबूत असतो, पाणी आत येतही नसतं, पण बाहेर पाण्याची चादर बसल्यामुळे वाफ कोंडते. आतून गार, ओलं. बाई पुन्हा म्हणते जॅकेट गळलं, आणि नवीन घेते. खरं तर एक धुणं आणि थोडी ऊब पुरली असती.

त्यात पूर्वी हे लेप फ्लोरिनयुक्त रसायनांचे असायचे. फार टिकायचे, पण ती रसायनं पाण्यात-मातीत वर्षानुवर्षं मोडत नाहीत. म्हणून आता कंपन्या ती सोडताहेत. कॅलिफोर्नियात २०२५ पासून कपड्यांत त्यांना बंदी आहे, फक्त फार कडक पावसात वापरायच्या कपड्यांना थोडी सवलत. गोअर-टेक्सवाल्या कंपनीनेही २०२२ पासून पीटीएफईऐवजी वेगळा मेंब्रेन आणला. चांगलंच झालं. पण नवे लेप तेलकटपणाला टिकत नाहीत. सनस्क्रीन, मानेवरचा घाम, केसांचं तेल एवढं त्यांना पुरे होतं. म्हणजे नवं जॅकेट जुन्यापेक्षा जास्त वेळा धुवायला हवं, आणि आपण तर ‘वॉटरप्रूफ आहे, धुवायचं नसतं’ म्हणून वर्षभर तसंच टांगतो.

धुताना लिक्विड साबण घ्यायचा, पावडर नको. कपडे मऊ करणारा कंडिशनर तर अजिबात नको, तो कापडावर थर धरतो. दोनदा खळखळून काढ, सावलीत वाळव. मग ड्रायर असेल तर मंद आचेवर वीसेक मिनिटं, नसेल तर वर सुती कापड घालून अगदी कोमट इस्त्री फिरव. उष्णतेने लेप पुन्हा उभा राहतो. आतलं लेबल वाचून घे, काहींना इस्त्री चालत नाही. त्यानंतरही पाणी घरंगळत नसेल तर लेपाचा स्प्रे मिळतो.

आणि आपल्या हवेची एक खोड सांगते. स्वस्त जॅकेटांना आतून पॉलियुरेथेनचा लेप असतो. मुंबई-रत्नागिरीसारख्या दमट हवेत, कपाटात, पिशवीत कोंबून ठेवलं की तो हळूहळू मोडायला लागतो. दोन-तीन वर्षांनी उघडलंस की आतून पांढरे पापुद्रे सुटतात आणि काळ्या टी-शर्टवर कोंडा पडल्यासारखा दिसतो. त्याला उपाय नाही. टाळायचं तर पूर्ण वाळवून हँगरला लाव, घडी घालून पाउचमध्ये ठेवू नकोस.

बायकांच्या जॅकेटच्या कटबद्दल बोलायलाच हवं. लेडीज जॅकेटं कमरेत आवळलेली शिवतात, फोटोत छान दिसतात आणि आत फ्लीस घातली की नितंबांवर चढून बसतात. घालून बघताना फ्लीस घालूनच जा. दोन्ही हात वर कर, उकिडवी बस. पाठ उघडी पडली तर परत ठेव. वर उघड्यावर जावं लागतं, वाऱ्यात बसावं लागतं, तेव्हा लांबीचं मोल कळतं. पुरुषांच्या विभागातलं स्मॉल बसलं तर बिनधास्त ते घे. सॅकचा कमरपट्टा लावल्यावर खिसे त्याच्याखाली जातात का तेही बघ; जात असतील तर ते खिसे नसल्यातच जमा. टोपी ओढून मान डावी-उजवीकडे फिरव. टोपी डोक्याबरोबर फिरायला हवी, नाहीतर एक डोळा झाकला जातो आणि दगड दिसत नाही. आणि वेणी टोपीच्या आत घे. बाहेर सोडलेली वेणी वातीसारखं पाणी ओढते आणि सगळं मानेतून पाठीवर सोडते.

ऊब वेगळी, पाऊस वेगळा, हे डोक्यात पक्कं ठेव. एकाच जाड, गुबगुबीत ‘ऑल वेदर’ जॅकेटच्या नादी लागू नकोस. चढताना त्यात शिजशील आणि उतरताना ओल्या गोणीसारखं वागवशील. अंगाला पॉलिएस्टरचा किंवा लोकरीचा बनियन, वर फ्लीस, सगळ्यात वर पावसाचं कवच. मुक्कामावर घालायला एक हलकं उबदार जॅकेट. ते पिसांचं, म्हणजे डाऊनचं, घेऊ नकोस, निदान जुलैच्या ट्रेकसाठी तरी नाही. पिसं भिजली की गोळा होतात आणि ऊब संपते. कृत्रिम भरणीचं थोडं जड असतं, पण ओलं झालं तरी काम करतं. सुती कुर्ता, जीन्स यांना मनालीतच ठेव.

पोंचोही विचारलंस. जंगलातल्या वाटेवर ठीक, कारण ते इरल्याच्याच कुळातलं. पण खिंडीत वारा त्याचं शीड करतो, आणि पलीकडे लाहौलात छत्रूकडे उतरताना बर्फाच्या पाण्याचा प्रवाह ओलांडायचा असतो, तिथे आपला पाय कुठे पडतोय हे दिसलंच पाहिजे. मनालीत भाड्याने मिळतं तेही नको. बाहेरून ठणठणीत दिसतं, पण आत शिवणींवरच्या टेपचं काय झालंय हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

तर मग कुठलं? पॅटागोनियाचं टोरंटशेल थ्री-एल तीन थरांचं आहे, काखेत चेन आहे, वजन चारशे ग्रॅमच्या आसपास. परदेशातून कोणी येत असेल तर डोळे मिटून मागव. आर्कटेरिक्सची सुंदर असतात, पण त्यातली बरीच बर्फात दोर लावून चढणाऱ्यांसाठी. तुझ्या पाच दिवसांच्या ट्रेकला तेवढं नको. आउटडोअर रिसर्चचं हेलियम पावशेराहून हलकं, पण अडीच थरांचं, काखेत चेन नाही. तासाभराच्या सरीला छान, दिवसभराच्या झडीला नाही. कोलंबियाचं आउटड्राय एक्स्ट्रीम वेगळ्या बांधणीचं आहे: मेंब्रेनच बाहेरच्या बाजूला, त्यामुळे वरचं कापड पाणी पिण्याचा प्रश्न उरत नाही. दिसायला थोडं रेनकोटसारखं. इथेच घ्यायचं तर डेकॅथलॉनमध्ये जा, पण पहिल्या रांगेतलं सगळ्यात स्वस्त उचलू नकोस. तीन थर, काखेतली चेन आणि शिवणींवर आतून सलग टेप, एवढं ज्यात मिळेल ते घे. पंचवीस हजार नकोत, अडीच हजारांत हम्ता होणार नाही. मधल्या किमतीत काम होतं.

आणलंस की घरी एक कर. आत राखाडी सुती टी-शर्ट घाल, कारण राखाडीवर ओल लगेच गडद दिसते. जॅकेट चढव, टोपी ओढ, चेन गळ्यापर्यंत लाव आणि शॉवरखाली दहा मिनिटं उभी राहा. हात वर-खाली कर, मान फिरव. मग बाहेर येऊन आरशात बघ: खांदे, चेनची रेघ, मनगटं, मान. डाग दिसला तर दुकानात परत ने.

हे सगळं मेमध्येच कर. जून लागला की दुकानात एक्सएल आणि लहान मुलांचेच साइज उरतात.