अत्याचारग्रस्त बालक आणि न्यायवैद्यक परिचारिका

अतिसाराने आजारी पडलेल्या एका भिक्खूकडे कोणी पाहत नव्हते. तेव्हा भगवान बुद्धांनी आनंदाला सोबत घेऊन त्याला स्वतः स्नान घातले. विनयपिटकातील हा प्रसंग आपणा सर्वांना ठाऊक आहे. याच शुश्रूषेला न्यायाची जोड देणारा एक पेशा आज जगात आहे. त्याची ओळख करून घेऊ.

अमेरिकेत अत्याचारग्रस्तांना दवाखान्यात तासन्‌तास ताटकळावे लागे. म्हणून १९७६ साली मेम्फिस शहरात खास प्रशिक्षित परिचारिकांनी ही तपासणी हाती घेतली. १९९५ साली तेथील परिचारिका संघटनेने न्यायवैद्यक परिचर्येला स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता दिली.

ही परिचारिका काय करते? आधी मुलाचे भय घालविते. प्रत्येक कृती समजावून सांगते आणि मूल "नको" म्हणाले की थांबते. मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहिते. कपडे कागदी पिशवीत ठेवते, कारण प्लॅस्टिकमध्ये ओल धरून पुरावा नासतो. बँकेत रोकड हातोहात जाताना आम्ही सह्या घेतो, तशी प्रत्येक हस्तांतराची नोंद ती ठेवते. पुष्कळ मुलांच्या अंगावर इजा दिसतच नाही. म्हणून अत्याचार झालाच नाही असे होत नाही, हे ती न्यायालयात समजावून सांगते.

आपल्याकडे तपासणी डॉक्टर करतात. पण भेदरलेल्या मुलाजवळ बसते ती बहुधा परिचारिकाच. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांत गुन्हा नोंदलेला नसला तरी तपासणी करता येते. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करावयाची असते आणि मुलाच्या विश्वासाची व्यक्ती तेथे हजर असावी लागते. मुलाचे नाव प्रसिद्ध करण्यास मनाई आहे.

आता आपले कर्तव्य. असा प्रसंग घडला की आपण "अब्रू जाईल" म्हणून गप्प बसतो, मुलाला आंघोळ घालतो, कपडे धुऊन टाकतो. अब्रू जाते ती गुन्हेगाराची, मुलाची नव्हे. म्हणून मुलावर विश्वास ठेवा. पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका. कपडे न धुता त्याला ताबडतोब सरकारी रुग्णालयात न्या. १०९८ या क्रमांकावर मदत मिळते. पोलिसांना कळविणे तर कायद्यानेच बंधनकारक आहे.

आपल्या वस्तीतील ज्या मुली परिचारिकेचे शिक्षण घेत आहेत, त्यांनी हा विषय जरूर अभ्यासावा. मुलाचे दुःख झाकणे ही करुणा नव्हे. त्याच्या बाजूने उभे राहणे ही करुणा होय.

जय भीम!